श्रुतलेखनाचे सोळा मार्क

घंटा वाजली आणि मायाक्काने मान वळवली. एवढंच झालं. डॉक्टरांनी बोट वर केल्यावर शिपायाने पोरीच्या पाठीमागे, दाराशी उभं राहून पितळी घंटा हलवली होती. आणि जन्मापासून ठार बहिरी असलेली ती पोरगी हाक ऐकल्यासारखी वळली, दाराकडे बघितलं, वर हसलीसुद्धा. मनकर्णा शिवशरण, कॉर्पोरेशनच्या शाळेत पहिलीपासून याच वर्गाबरोबर वर आलेली तिसरीची बाई, पोरीच्या समोर भिंतीला टेकून उभी होती. कोपऱ्यात पोरीची आई कमलम्मा तोंडाशी पदर धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत मात्र, पोरीला काहीतरी जमलं, असा आनंद होता. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, कागदावर एक ओळ लिहिली आणि टोपण परत लावलं. सहा महिने खपून मनकर्णाने जे जुळवत आणलं होतं ते त्या एका ओळीत संपलं.

तसं मागणं काही फार मोठं नव्हतं. परजिल्ह्यातल्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत शहरातून तीन मुलं सरकारी खर्चाने जाणार होती. राहायला जागा, दोन वेळचं जेवण, आणि ओठ बघून बोलणं ओळखायला, गळ्यावर हात ठेवून शब्द काढायला शिकवणारे मास्तर. अटी दोनच. वय दहाच्या आत हवं आणि बहिरेपण डॉक्टरांसमोर ठरायला हवं. मायाक्काला दहा पूर्ण व्हायला दोन महिने राहिले होते, म्हणजे पुढच्या वर्षी बघू म्हणायचीही सोय नव्हती. अर्ज मनकर्णाने लिहिला. मैंदर्गीहून जन्माची नोंद तिनेच पत्रावर पत्रं पाठवून मागवली. पोरीच्या बापाचा, गुरुबसप्पाचा अंगठा घ्यायला ती गिरणीच्या फाटकाशी पाळी सुटायची वाट बघत उभी राहिली. तीन जागांना अर्ज आले होते चार. एकाला गाळायचं होतं, आणि तो गाळायला त्या लोकांना आता काही कष्ट पडणार नव्हते.

“शिवशरणबाई, ऐकतीय की हो पोरगी,” टेबलामागचे साहेब म्हणाले. त्यांच्या डोक्यावर भिंतीला नवीकोरी पाटी होती, बोलणं कमी आणि काम जास्त करा म्हणून सांगणारी. त्या वर्षी सगळ्या कचेऱ्यांतून तसल्या पाट्या लागल्या होत्या, आणि कारकूनसुद्धा वेळेवर येत होते, यावरून दिवस कसे होते ते कळावं.

“नाही सर, तिला ऐकू येत नाही. ती बघून—”

“काय बघून? पाठीला डोळे आहेत का तिला?” साहेबांनी समोरचा गुणपत्रकाचा तक्ता पुढे ओढला. अर्जासोबत शाळेचा अहवाल जोडायचा असतो, म्हणून तोही मनकर्णानेच जोडला होता. “हे अक्षर तुमचंच ना? श्रुतलेखन, पंचवीसपैकी सोळा. अहो, आमच्या चिरंजिवांना बारा पडतात. त्यांचेच कान तपासून घ्यावे म्हणतो.”

डॉक्टर हसले, शिपाई हसला. सगळे हसतायत हे बघून मायाक्काही हसली. मनकर्णाच्या तोंडाशी वाक्य आलं होतं. सर, ते मार्क मी खोटे दिलेत. एवढंच म्हणायचं होतं. पण तिने पोरीचा हात धरला, आणि शिपायाने पुढच्या पोराच्या नावाचा पुकारा केला.

जिन्यावर कमलम्माने तिला गाठलं. साहेबांचं पुस्तकी मराठी तिला अर्धंच कळत असे. “बाई, काय म्हणलालेत सायेब? पास झाली न्हवं?”

पास! मनकर्णाच्या डोक्यात तिडीक उठली. तिने पोरीकडे बघितलं. डोक्याला चपचपीत तेल, वेणीला लाल फीत, नवं परकर-पोलकं, गालाला पावडर. जशी काही पोरगी बघायला पाहुणे आले होते. “तुम्हीच शिकवलंत ना तिला?” ती ओरडली. जिन्यावरची माणसं थांबून बघायला लागली. “आहे तशी आणा म्हणून सांगितलं होतं की नाही मी? हे काय लग्नाला दाखवणं आहे, खोट झाकून आणायला? ऐकू येत नाही हेच दाखवायला आणली होती ना तिला? घंटेकडं बघ म्हणून कुणी शिकवलं? तुम्हीच ना?”

कमलम्मा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि खाली बघून म्हणाली, “व्हय बाई. चुकलं माजं.”

बरं वाटलं. खोटं कशाला बोला, मनकर्णाला त्या क्षणी बरं वाटलं. चुकणारं माणूस सापडलं, त्याने कबूलही केलं. मायलेकी चाळीच्या दिशेने गेल्या आणि ती एकटीच नवी पेठेतून चालायला लागली. चादरींच्या दुकानांपुढे गाठोडी उतरत होती, उन्हाने डांबर मऊ झालं होतं, चपलेचा तळ दर पावलाला चिकटून सुटत होता. शाळेत परतायचं होतं, पण पाय घराकडेच वळले. अडाणी माणसांचं करायला जाऊ नये, ती स्वतःशी म्हणत होती. आपण मर मर मरावं आणि यांनी नवं पोलकं घालून वाटोळं करून आणावं. असं म्हणत ती चौकापर्यंत आली, आणि तिथे एका सायकलवाल्याने मागून घंटी वाजवली. तिने दचकून वळून बघितलं. सायकलवाला बाजूने निघून गेला. मनकर्णा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, कारण तिला कळलं.

कचेरीत घंटा वाजली तेव्हा तिने स्वतः दाराकडे बघितलं होतं. पोरीच्या समोर उभं राहून. चौदा वर्षं शाळेत नोकरी केलेल्या बाईची मान घंटेबरोबर वळणारच. आणि मायाक्का कुणाच्या डोळ्यांकडे बघत होती? बाईच्या. बाईचे डोळे जिकडे जातील तिकडे बघायचं, हे तिला कुणी शिकवलं होतं? कमलम्माने नव्हे. गालाला पावडर लावण्यापलीकडे त्या बिचारीने काही केलं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, मनकर्णाला वाटलं, आणि तिला इतकी शरम वाटली की ती घाईघाईने चालायला लागली. जशी काही शरम मागे चौकातच राहणार होती.

बहात्तरच्या दुष्काळात गुरुबसप्पा बायकापोरांना घेऊन मैंदर्गीहून आला, गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, आणि पुढच्या जूनमध्ये ही पोरगी पहिलीत येऊन बसली. हाक मारली तर बघायची नाही, विचारलं तर बोलायची नाही. पण यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण घरात कानडी होतं. शाळेत तेलुगू पोरं होती, दखनी बोलणारी होती, सगळीच पहिले चार महिने अशी माठासारखी बसत आणि मग एक दिवस घडाघडा बोलायला लागत. ‘कानडी मुलगी, मराठी यायला वेळ लागेल’ असा शेरा मनकर्णाने स्वतःच्या हाताने लिहिला होता. ती तिच्याशी मोठ्यांदा, तोडून तोडून बोलायची. तिकडे कमलम्माला वाटत होतं, पोरगी साळंत मराठी शिकलालीय, म्हणून घरातलं कानडी विसरली. एक अख्खं वर्ष दोघी एकमेकींच्या भाषेवर बिल फाडत बसल्या. नंतर एके दुपारी गिरणीचा भोंगा अवेळी झाला. कुठेतरी कापसाला आग लागली होती, भोंगा थांबेना, वर्गातली पोरं कानावर हात ठेवून खिडकीशी धावली, आणि मायाक्का एकटीच पाटीवर मन लावून ‘ग’ गिरवत राहिली. मनकर्णा तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने टाळी वाजवली. मग जोरात वाजवली. मग पोरीच्या कानाशी तोंड नेऊन तिचं नाव घेतलं. पोरीच्या मानेवरची लव तेवढी श्वासाने हलली.

हेडमास्तर म्हणाले, नाव काढा. मुकी-बहिरी पोरं आपल्या गळ्यात कशाला? इन्स्पेक्शनला कोण उत्तर देणार? त्यात काही खोटं नव्हतं. पण मनकर्णाच्या डोळ्यांपुढे तिचा बाप उभा राहिला, धोंडीराम शिवशरण, गिरणीच्या साचाखात्यात मागावर राबणारा. पोरीची फी माफ व्हावी म्हणून एका सहीसाठी त्याने खाडे करून करून कचेरीचे उंबरे झिजवले होते. सरकारी काम अन् सहा महिने थांब. कारकून वर न बघता म्हणायचा, उद्या या. बाप म्हणायचा, बरं साहेब. पायऱ्या उतरल्यावर तो पोरीला सांगायचा, तू शिकलीस की हितं टेबलाच्या त्या बाजूला बस, पण कुणाला उद्या या म्हणू नको. ती टेबलाच्या त्या बाजूला काही गेली नाही, पण वस्तीतल्या, चाळीतल्या कुणाचाही अर्ज लिहून द्यायला तिने कधी नाही म्हटलं नाही. तेव्हा मायाक्काचं नाव काढायचं नाही, असं तिने ठरवलं. कुठेतरी जागा निघेपर्यंत पोरगी पटावर राहिली पाहिजे. त्यासाठी ती ऐकणाऱ्या पोरीसारखी दिसली पाहिजे.

मग शिकवणी झाली. खरी शिकवणी तीच. पोरं घरी गेल्यावर रिकाम्या वर्गात ती मायाक्काला समोर उभी करायची, आपल्या डोळ्यांना बोट लावायची, मग दाराकडे बघायची. पोरीने दाराकडे बघितलं की शेंगदाण्याचा दाणा. फळ्याकडे, खिडकीकडे, छताकडे. पोरगी हुशार, आठ दिवसांत पक्की झाली. हजेरीत बाईने मान किंचित खाली केली की उभं राहायचं. शेजारचीने कोपर लावलं की पाटी वर करायची. इन्स्पेक्टर आले, वर्गाच्या मागून त्यांनी विचारलं, ‘शहाणी मुलगी कोण?’ आणि बाईची नजर बघून मायाक्का वळली आणि हसली. पाठीवर थाप मिळाली. तिमाहीला श्रुतलेखन आलं. बाईने वाचायचं, मुलांनी ऐकून लिहायचं. मायाक्काने शेजारचीच्या पाटीवरून उतरवलं, आणि काय अक्षर उतरवलं, शेजारचीपेक्षा सुबक. शून्य दिलं तर नापास, नापास झाली तर हेडमास्तरांच्या हातात कोलीत. मनकर्णाने सोळा मार्क दिले. वीस दिले असते तर डोळ्यांवर आले असते. सोळा कसे खरे वाटतात. तिला त्या वेळी आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे तिला आता घराचं कुलूप काढताना आठवलं, आणि किल्ली दोनदा चुकीची फिरली.

पुढचे चार दिवस ती वर्गात पाढे घेत होती, घरी भाकरी थापत होती, आणि डोक्यात एक अर्ज लिहीत होती. फेरतपासणीची विनंती. नुसती विनंती केराच्या टोपलीत जाईल, कारण द्यायला हवं. कारण एकच होतं: सदर विद्यार्थिनीस मी दोन वर्षे ऐकू येत असल्याचे भासवण्यास शिकवले असून तिचे श्रुतलेखनाचे गुण माझ्या हातून खोटे दिले गेले आहेत. हातून दिले गेले आहेत! तिने ते खोडून ‘मी खोटे दिले आहेत’ असं केलं. मग परत बदललं. लोकांचे एवढे अर्ज लिहिले, कधी शब्दाला अडली नव्हती. स्वतःचा लिहिताना प्रत्येक क्रियापद अंगावर येत होतं. घरात पगार तिचा एकटीचा. बाप गेल्यापासून आई तिच्याच जिवावर. शाळेतल्या शिक्षकांत ‘तुमच्या लोकांना काय, नोकऱ्या फुकट मिळतात’ असं हसत म्हणणारे दोघे होते, त्यांना खोट्या मार्कांचं प्रकरण म्हणजे दिवाळीच. आणि आणीबाणीचे ते दिवस तर असे, की साध्या उशिरा येण्यावरून माणसं निलंबित होत होती. धोंडा तिने पाडला होता, पाय मात्र दुसऱ्याचा होता. तो धोंडा काढायचा तर आता स्वतःचा हात चिरडून घ्यायला लागणार होता. लागू दे, असं ती पाचव्या दिवशी म्हणाली आणि अर्ज घेऊन कचेरीत गेली.

आवक-जावकच्या टेबलाला जालिंदर होता. वस्तीतलाच, तिच्या मागून दोन वर्षांनी शिकलेला, तिला अक्का म्हणणारा. त्याने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग आजूबाजूला बघून तो कागद त्याने टेबलावर पालथा ठेवला.

“अक्का, ह्याच्यावर आवक नंबर पडला की हा कागद तुझा राहत न्हाय बघ.”

“माहीत आहे.”

“चौकशी लागंल.”

“लागू दे.”

“आणि पोरीचं काय होईल म्हणतीस?” जालिंदर हळू आवाजात बोलत होता, आपल्या माणसाशी बोलावं तसा. “ते इचारतील, मार्क खोटे देणारीचा अर्ज तरी खरा कशावरनं? तिसरं नाव घालून यादी गेली पुण्याला. तू जाशील, पोरीलाबी काय मिळायचं न्हाय. उगं कशाला? चहा घे.”

त्याने कागद घडी करून तिच्यापुढे सरकवला. शिक्का त्याच्या उजव्या हाताशीच होता, हात लांब केला असता तर तिचा तिलाही उचलता आला असता. यादी गेली असली तरी डॉक्टर बदलून तपासणी मागता येते, मुदत अजून सहा आठवड्यांची आहे, हे नियम जालिंदरला माहीत होते आणि तिलाही. तिने कागद पर्समध्ये टाकला. चहा आला. कडक होता, साखर जास्त होती, आणि तो तिला इतका गोड लागला की तिने बशीत सांडलेलाही पिऊन टाकला. वाईट माणसाने अडवलं असतं तर ती भांडली असती. जालिंदर चांगला निघाला, हेच तिचं नशीब की दुर्दैव, हे तिने त्या दिवशी ठरवलं नाही. कागद पर्समध्ये राहिला. उद्या देऊ, असं ती रोज म्हणत राहिली.

तीन आठवड्यांनी गुरुबसप्पा शाळेत आला. पांढरा सदरा, टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. मागे कमलम्मा, तिच्या मागे मायाक्का. पोराच्या बारशाला आल्यासारखा तो हसत होता. कचेरीकडून आलेला कागद त्याने खिशातून काढला, कापडात गुंडाळून ठेवला होता. ‘तपासणीअंती सदर मुलीस ऐकू येत असल्याचे आढळून आल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ खाली सही, गोल शिक्का.

“बाई, तुमचं लई उपकार,” तो म्हणाला. “तुमी अर्ज केलाव म्हणून ह्यो कागद मिळाला. गावाकडं आमची अक्का हाय, तिच्या पोराला द्यायची म्हणून आमी पयल्यापासनं ठरवलेलं. पर पोरगी बहिरी हाय म्हणून अक्कानं हात आखडला. आता हे दाखवलं की तिला. बोलत न्हाय ते न्हाय, ऐकतीय तर! सरकारनं लिवून दिलंय. लगीच व्हय म्हणली.”

“अहो, पण ती दहा वर्षांची—”

“लगीन आत्ताच कुटं? चार वर्षं अक्काच्या घरी ऱ्हाईल, कामाची सवय व्हईल. तेवढा दाखला काढून द्या.”

बायकोने ऐकायचं असतं, बोलायचं कशाला. हिशेब सरळ होता. अक्काच्या घरी हाकेला धावून आली नाही म्हणजे पोरीला काय म्हणतील? बहिरी म्हणायची तर सोय उरली नव्हती. माजोरी म्हणतील. ऐकून न ऐकल्यासारखं करते म्हणतील, आणि मारतील. मनकर्णाला हे सगळं स्वच्छ दिसलं. गुरुबसप्पा पेढे घेऊन हेडमास्तरांच्या खोलीकडे गेला. नाव काढा म्हणणाऱ्या हेडमास्तरांना पेढा गोडच लागणार होता.

कमलम्मा जागची हलली नाही. मायाक्का आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली होती, वर्ग मधल्या सुट्टीला गेलेला, रिकामा. “बाई,” कमलम्मा म्हणाली, “त्या दिशी तुमी घंटीकडं बगितलाव. मला दिसलं.”

मनकर्णाने टेबलावरचा खडू उचलून डबीत ठेवला.

“पोरगी तुमच्या डोळ्यांकडं बगून वळली. घरातबी ती तसंच करती, तुमीच शिकवलंय म्हणून मला ठावं हाय. भाईर आल्यावर तुमी मला बोललाव. मी म्हणलं, असू दे. इतकी माणसं उबी व्हती. बाईला कोण काय बोलू ने.” ती थांबली. “मला वाटलं, बाई काय तरी करतील.”

पर्स टेबलावर होती. अर्ज तिच्यात होता, घड्यांवर मळलेला. मुदत संपायला अजून तीन आठवडे होते. मनकर्णाने दाखल्याचं पुस्तक पुढे ओढलं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, ती वळणदार अक्षरात भरत गेली. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण, या रकान्यापाशी टाक थांबला, फार नाही, दौतीत बुडवून काढण्याइतकाच. मग तेही लिहून झालं.

“काय लिवलाव?” कमलम्माने विचारलं.

“पालकांची इच्छा.”

कमलम्माने त्या शब्दांकडे बघितलं. वाचता येत नव्हतं, तरी नीट बघितलं.

“माजी तर न्हवती,” ती म्हणाली, आणि पोरीला उठवायला गेली.

मनकर्णाने टिपकागद दाबला. हजेरीपट उघडला, लाल शाई घेतली, आणि अठरा नंबरच्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली.